एनआयपीटी आणि विरून गेलेलं जुळं

एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांच्या दोषाची जोखीम सांगणारी चाचणी. 'आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं) असो वा नसो, रक्ताची चाचणी तीच, रिपोर्ट आला की निर्धास्त व्हा' असं काहीजण म्हणतात, ते मला निम्मंच पटलं. चाचणी तीच, पण फॉर्म नीट भरला तर! आमच्या वहिनींना आयव्हीएफमध्ये दोन गर्भ सोडले होते. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन पिशव्या, नवव्यात एकाचेच ठोके. अकराव्या आठवड्यात सात रस्त्याजवळ रक्त द्यायला गेलो. एप्रिलचं सोलापूर, पंखा नुसता गरगरतोय, वहिनींनी गुडघ्यावर फॉर्म ठेवून 'गर्भ : एक' वर टिक केली. रक्त घेणाऱ्या पोरानंही पुढे काही विचारलं नाही. रिपोर्ट आला, डाऊन सिंड्रोमची (एक गुणसूत्र जास्तीचं असण्याचा जन्मजात दोष) जोखीम जास्त. घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणा ना.

ही चाचणी गर्भाच्या ज्या डीएनएवर चालते तो मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येतो. थांबलेल्या गर्भाच्या वारेतूनही तो पुढे कित्येक आठवडे येत राहतो, आणि असे गर्भ बरेचदा गुणसूत्रांच्या दोषामुळेच थांबलेले असतात. डॉक्टरांनी जुनी सोनोग्राफी बघितली आणि सोळाव्या आठवड्यात गर्भजलाची तपासणी केली. ती नॉर्मल आली.

फॉर्मवरच्या वयाच्या रकान्याचंही तसंच. गोठवलेला गर्भ असेल तर बीज काढलं तेव्हाचं वय लागतं, आजचं नाही. दात्या बाईचं बीज असेल तर तिचं. सासूबाई शेजारी बसल्या म्हणून हे लपवू नका, हळूच लिहून द्या.