मदत हवी आहे : छत्री परत करायची आहे

गेल्या मंगळवारी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर खानापूरच्या बसची वाट पाहत असताना माझ्या आईला भोवळ आली, तेव्हा शेजारच्या एका अनोळखी कन्नडभाषक बाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले, पदराने वारा घातला आणि ती सावध होताच ‘नीर कुडीरी’ म्हणत स्वतःची बाटली पुढे केली. पाऊस कोसळत होता, म्हणून जाताना आपली छत्रीही आईच्या हाती देऊन त्या भिजतच बैलहोंगलच्या बसकडे गेल्या. नाव विचारायचे राहिले, याची फार रुखरुख लागली आहे. छत्री काळी असून तिच्या लाकडी मुठीला हिरवा दोरा गुंडाळलेला आहे. मला कन्नड बोलता येते, पण नीट लिहिता येत नाही. बसस्थानकावर लावण्यासाठी आदरपूर्वक चार ओळी कोणी कन्नडमध्ये लिहून द्याल का?