सारखा पगार? तसं नव्हतंच

नियोजित अर्थव्यवस्थेत, म्हणजे काय आणि किती बनवायचं हे सरकारच ठरवतं तिथे, सगळ्यांना सारखाच पगार, मग जीव तोडून काम कोण करणार, असा मुद्दा अनेकदा मांडला जातो. पण सोव्हिएत संघात पगार सारखे नव्हतेच. १९३१ साली खुद्द स्टालिननेच सरसकट समान वेतनावर टीका केली. १९३६ च्या राज्यघटनेतही मोबदला ‘कामाप्रमाणे’ आहे, ‘गरजेप्रमाणे’ नाही. कारखान्यांत नगावर मजुरी सर्रास चाले.

खरा घोळ पुढेच आहे: ‘काम’ मोजायचं कसं? ऑगस्ट १९३५ मध्ये स्ताखानोव्ह या सोव्हिएत खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या कोट्याच्या चौदापट. पण तो नुसता कोळसा फोडत होता. खाणीचं छत कोसळू नये म्हणून मागे लाकडी टेकू लावायला वेगळी माणसं होती. एरवी हे काम खाणकामगार स्वतःच करी. श्रेय मात्र एकट्याचं. (टेकूवाल्यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?) पुढच्याच वर्षी अनेक उद्योगांतले कोटे वाढवले गेले. म्हणजे आज जास्त काम केलं की उद्या तेवढ्याच पैशात जास्त राबायचं. शहाण्या कामगाराने हात राखून काम केलं, तर त्याला आळशी कसं म्हणणार?

शिवाय दुकानात माल नसेल तर बोनसच्या नोटांचं करायचं काय? म्हणून घर, विश्रामगृहातली सुट्टी, पाळणाघरातली जागा हेही बक्षीसच होतं, आणि ते बहुधा कारखान्यामार्फत मिळे. पगाराचे आकडे शेजारी शेजारी मांडताना हा भाग निसटतो.