विषय : आईबाबांची मे महिन्यातील केनिया सफारी – मार्गदर्शन हवे आहे

प्रेषक : किलिमानी, नैरोबी

आदरणीय सभासद मंडळी,

सप्रेम नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी आम्ही नैरोबीला राहायला आलो आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात आपल्यापैकी अनेकांची भेट झाली. नाशिकहून माझे आईबाबा, बहीण, तिचे यजमान आणि सात वर्षांचा भाचा असे पाच जण मेच्या दुसऱ्या आठवड्यात दहा दिवसांसाठी येणार आहेत. बाबा 68 वर्षांचे आहेत, आई 63 वर्षांची आहे. बाबांना मधुमेह आहे आणि आईचे गुडघे दुखतात, पण दोघेही हिंडतेफिरते आहेत आणि दोनदा ताडोबाला जाऊन आले आहेत.

एका प्रवासी कंपनीने आम्हाला पुढील बेत सुचवला आहे. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट अंबोसेली राष्ट्रीय उद्यान, तिथे एक रात्र. मग नैवाशा तळ्याकाठी एक रात्र, नाकुरू एक रात्र, मसाई मारा अभयारण्यात दोन रात्री, आणि शेवटी समुद्रकाठी मोंबासा दोन रात्री. कागदावर हे फार छान दिसते, परंतु आईला ते कितपत झेपेल याची मला काळजी वाटते. तिकिटे अजून काढलेली नाहीत. बेत, हवामान, कागदपत्रे आणि सामान यांबाबत आपण जे सांगाल ते मी जसेच्या तसे नाशिकला कळवणार आहे.

आपली नम्र,
एक नवीन सभासद

प्रेषक : पार्कलँड्स, नैरोबी

ताई, नमस्कार.

तिकिटे काढलेली नाहीत हे फार बरे झाले, कारण माझी पहिली सूचना तारखांविषयीच आहे. आपल्याकडे मे म्हणजे सुट्टीचा आणि कोरड्या उन्हाचा महिना, त्यामुळे तिकडचे आपले लोक सहजपणे मे धरून बसतात. इथे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो. मसाई माराची जमीन पुष्कळ ठिकाणी विदर्भातल्या कपाशीच्या शेतासारखी काळी आहे, आणि ती भिजली की चाकाला कशी धरते हे आपल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चार चाकांना जोर देणारी लँड क्रूझरसुद्धा तिथे अडकते, आणि मग दुसरी गाडी येऊन दोरखंडाने ओढून काढेपर्यंत आत बसून राहावे लागते. काही कॅम्प, म्हणजे तंबूंची निवासस्थाने, तर एप्रिल-मेमध्ये बंदच असतात.

म्हणून माझे म्हणणे असे की भाच्याची शाळा जूनच्या मध्याला सुरू होत असेल, तर मे सोडून जूनचे पहिले दहा-बारा दिवस घ्यावेत. पाऊस ओसरलेला असतो, गवत हिरवे असते, गर्दी नसते, आणि मसाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढासाठी जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर असते, तेच 1 जुलैपासून 200 डॉलर होते. चार प्रौढ आणि तीन दिवस धरले तर फरक किती पडतो हे आपणच पाहावे. शुल्कात बदल होत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्या दिवसाचा दर तपासून घ्यावा. आपल्याकडे इथला रहिवासी परवाना आहे, त्यामुळे आपल्याला कमी दर लागू होईल. मात्र मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

जूनच्या आरंभी एक गोष्ट मिळणार नाही, आणि ती आईबाबांना आधीच सांगून ठेवावी. चित्रफितींत दिसतो तो विल्डबीस्ट या बैलासारख्या दिसणाऱ्या कुरंगांच्या कळपांचा मारा नदी ओलांडण्याचा देखावा साधारण जुलैअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा असतो. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे जूनमध्ये बहुतेक करून सीमेपलीकडे टांझानियात, सेरेंगेटीत असतात. परंतु माराचे सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, तरस आणि पाणघोडे वर्षभर तिथेच राहतात, आणि ज्यांनी आयुष्यात प्रथमच हे सारे पाहायचे आहे त्यांना काही कमी पडत नाही.

आता बेताविषयी. कंपनीने आखलेला प्रवास मला मुळीच पटलेला नाही. आपण ज्याला सफर म्हणतो, त्याच अरबी शब्दातून स्वाहिलीतला सफारी आला आहे, आणि त्याचा अर्थ प्रवास असा असला तरी दहा दिवस गाडीतच काढावेत असा नाही. नैरोबीहून अंबोसेलीला चार ते साडेचार तास लागतात, माराला पाच ते सहा तास, आणि अंबोसेलीहून नैवाशा-नाकुरूच्या रिफ्ट खोऱ्याकडे वळायचे म्हणजे पुन्हा नैरोबी ओलांडण्यात दिवस जातो. रात्रभर प्रवास करून आलेल्या 68 वर्षांच्या मधुमेही माणसाला विमानतळावरून थेट अंबोसेलीला नेणे योग्य नाही. माझ्या मते पहिले दोन दिवस आपल्या घरी विश्रांती घ्यावी, आणि त्यात नैरोबी राष्ट्रीय उद्यान पाहावे. 1946 साली स्थापन झालेले हे उद्यान शहराला इतके लागून आहे की गेंड्यामागे इमारती दिसतात. नंतर नैवाशाला दोन रात्री काढाव्यात, कारण ते दोन तासांच्या आत येते आणि तळ्यातल्या होडीत बसून पाणघोडे पाहण्यासाठी गुडघ्यांना कष्ट पडत नाहीत. मग माराला सलग तीन रात्री राहावे. नाकुरू, अंबोसेली आणि मोंबासा पुढच्या खेपेस ठेवावेत. मुलगी इथे असताना आईबाबा पुन्हा येणारच आहेत.

मारात तीन रात्री का, ते सांगतो. पाच वर्षांपूर्वी माझे सासूसासरे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्याकाठी हत्तींचा कळप पाणी पीत होता आणि त्यात एक अगदी लहान पिल्लू होते. त्याला सोंडेने पाणी ओढणे जमत नव्हते. ते सोंड पाण्यात बुडवी, वर काढी, झटके, आणि शेवटी पुढचे गुडघे टेकून त्याने तोंडच पाण्याला लावले. चालकाने इंजिन बंद केले होते आणि आम्ही तिथे पाऊण तास थांबलो. सासूबाई आजही इतर कशापेक्षा त्या पिल्लाविषयी अधिक बोलतात. एका रात्रीत आटोपायचे असते, तर चालकाने सिंह शोधण्यासाठी पाच मिनिटांत गाडी हलवली असती.

ताडोबाला जाऊन आल्यामुळे आईबाबांना शांत बसायची सवय असेलच. इथे सहसा उघडी जिप्सी नसते. छत वर उचलता येते अशी उंच लँड क्रूझर असते, आणि तिची पायरी आईच्या गुडघ्यांना जड जाईल. बुकिंग करतानाच चढण्यासाठी लहान स्टूल मागून घ्यावे. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते साडेसहा अशा दोन छोट्या फेऱ्या घ्याव्यात, दिवसभराची फेरी घेऊ नये. आत ठिकठिकाणी स्वच्छतागृहे नाहीत आणि वाटेल तिथे उतरता येत नाही, ही बाब बाबांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करू नयेत, रस्ता सोडून गाडी घालू नये, असे तिथले नियम आहेत. चालकाला जवळ नेण्याचा आग्रह आपल्या लोकांनी कृपया करू नये. दंड त्याला होतो आणि शिकार चित्त्याच्या हातची जाते.

सामानाविषयी दोन गोष्टी मी कळकळीने सांगतो. पहिली म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या. 28 ऑगस्ट 2017 पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे आणि कायद्यात मोठा दंड व तुरुंगवासाची तरतूद आहे; जून 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, पेले, चमचे यांनाही मनाई आहे. सासूबाईंनी भाजणी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू नेहमीच्या पातळ पिशव्यांत बांधून आणले होते. तपासणीच्या टेबलावरचा अधिकारी अतिशय सौजन्याने वागला, परंतु पिशव्या तिथेच सोडाव्या लागल्या, आणि भाजणी सासऱ्यांच्या उपरण्यात बांधून आम्ही घरी आणली. तेव्हा सारे खाद्यपदार्थ स्टीलच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावेत, कपडे कापडी पिशव्यांत ठेवावेत, आणि प्रत्येकाने स्टीलची पाण्याची बाटली घ्यावी.

दुसरी गोष्ट थंडीची. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येते. नैरोबी जवळजवळ 1,700 मीटर उंचीवर आहे, मारा 1,500 मीटरच्या आसपास, आणि जूनच्या पहाटे छत उघडून निघाले की महाबळेश्वरच्या डिसेंबरची आठवण होते. स्वेटर, कानटोपी आणि आईसाठी शाल आणायला सांगावे. कपडे खाकी, बदामी, फिकट हिरवे असावेत. त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढल्या जातात. लष्करी नक्षीचे कपडे नागरिकांनी घालण्यास इथे कायद्याने बंदी आहे, भाच्याची तशी टोपी असेल तर ती घरीच ठेवावी. ड्रोन आणू नये.

आपला,
पार्कलँड्सचा एक जुना सभासद

प्रेषक : वेस्टलँड्स, नैरोबी

ताई, नमस्कार.

वरील पत्रातील बेताशी मी पूर्ण सहमत आहे. मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून त्यात राहिलेला भाग लिहिते. आपण तो सर्वांत आधी नाशिकला कळवावा अशी माझी विनंती आहे.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस. केनिया पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेला देश म्हणून भारताच्या यादीत आहे. त्यामुळे परत जाताना भारतात उतरल्यावर लसीचे पिवळे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लोक इथे येण्याच्या परवानगीची काळजी करतात आणि परतीचा हा नियम विसरतात. लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवर ठरलेल्या दिवशीच देतात, मूळ पारपत्र सोबत लागते, आणि सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते. किमान दीड महिना आधी दिवस ठरवून घ्यावा. भाच्यालाही लस लागेल.

आता काळजीची बाब. साठीच्या पुढे प्रथमच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल, छातीतील थायमस ग्रंथीचा आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर लस देत नाहीत. गुडघेदुखीसाठी आई नेमके कोणते औषध घेतात हे मला माहीत नाही. संधिवाताची काही औषधे या प्रकारात मोडतात. त्यामुळे दोघांनीही औषधांची चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे आधी जावे, आणि तिकीट त्यानंतरच काढावे. डॉक्टरांनी लस नको असे सांगितले, तर परतीच्या वेळी काय करावे लागेल हे मुंबई विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाकडून आधीच विचारून घ्यावे.

हिवताप. उंचीमुळे नैरोबीत धोका कमी आहे, मारात आहे, आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर बराच अधिक आहे. मोंबासा वगळण्याचे हे आणखी एक कारण धरावे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण कराव्यात, कारण त्या मध्येच सोडणे हीच नेहमीची चूक असते. संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. परत गेल्यावर कोणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात “केनियाहून आलो आहोत” असे सांगावे.

बाबांची मधुमेहाची औषधे दोन ठिकाणी विभागून हाताच्या सामानातच ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. फेरीला जाताना शेंगदाण्याचा लाडू आणि बिस्किटे खिशात असू द्यावीत. मारातून आजारी माणसाला विमानाने नैरोबीला आणण्याची सोय अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था करते. त्यांचे पर्यटकांसाठी अल्पमुदतीचे सभासदत्व मिळते, ते दोघांसाठी अवश्य घ्यावे.

आपली,
एक सभासद

प्रेषक : किलिमानी, नैरोबी

आदरणीय काका आणि डॉक्टरताई,

आपण इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मी आणि माझे यजमान मनापासून आभारी आहोत. काल रात्री नाशिकला बोलणे झाले. आई तीन वर्षांपासून संधिवाताची एक गोळी घेते हे आम्हाला माहीत होते, पण लसीशी तिचा संबंध असू शकेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. गुरुवारी दोघेही डॉक्टरांकडे जात आहेत आणि तोवर तिकिटे थांबवली आहेत. तारखा 1 ते 11 जून अशा धरल्या आहेत. पहिल्या कंपनीला नकार कळवला आहे.

दोन प्रश्न राहिले. परवानगीचा अर्ज केव्हा करावा? आणि आई कांदालसूणसुद्धा खात नाही, तर मारात तिचे जेवण कसे होईल?

प्रेषक : पार्कलँड्स, नैरोबी

ताई, नमस्कार.

जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए (इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन) नावाची प्रवास-परवानगी लागते. पाचही जणांचे, म्हणजे भाच्याचाही, स्वतंत्र अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरावेत; त्यासारख्या दिसणाऱ्या आणि जास्त पैसे घेणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध राहावे. तीन दिवसांत उत्तर येते असे म्हणतात, तरी प्रवासाच्या तीन आठवडे आधी अर्ज केलेला बरा. राहण्याच्या जागी आपला इथला पत्ता आणि मारातील बुकिंग द्यावे. मंजुरीचा कागद छापून घ्यावा, मोबाइलवर विसंबू नये. रोख डॉलर आणत असतील तर नोटा नव्या आणि कोऱ्या असाव्यात, कारण जुन्या छपाईच्या नोटा अनेक ठिकाणी घेत नाहीत.

आईंच्या जेवणाची चिंता नको. इथे गुजराती आणि जैन मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे बऱ्याच कॅम्पांतल्या आचाऱ्यांना जैन जेवण म्हणजे काय ते ठाऊक असते. बुकिंगच्या वेळी लेखी कळवावे आणि पोहोचल्यावर आचाऱ्याला प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगावे. चपातीला इथेही चपातीच म्हणतात. मका आणि घेवड्याची गिथेरी आईंना उसळीसारखी वाटेल, फक्त कांदा न घालता करायला सांगावी, आणि ती मांसाच्या रश्शात शिजवलेली नाही ना हे विचारावे. लाडवांचा डबा मात्र तंबूत उघडा ठेवू नये. माकडांना तंबूची चेन उघडता येते. म्हणून चेनीच्या दोन्ही कड्या लहान कुलपाने जोडाव्यात, किंवा डबा स्वयंपाकघरात ठेवायला द्यावा.

गुरुवारी डॉक्टर काय म्हणतात ते कळवावे. चढण्यासाठी लाकडी स्टूल माझ्याकडे आहे, ते मी आपल्याकडे आणून देईन.