शब्दचर्चा: ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
वडिलांना नव्या गाडीचे कागद समजावून सांगताना ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’पाशी अडलो. ‘वाढीव हमी’ म्हटलं, तर ते म्हणाले, “म्हणजे आधीपेक्षा जास्त गोष्टींची हमी ना?” तसं तर नसतं. वॉरंटी आणि गॅरंटी एकच का, हेही त्यांनी विचारलं. नेमका शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १
मुळात दोन्ही एकच. जुन्या फ्रेंचच्या उत्तरेकडच्या बोलीत ‘व’ टिकला, पॅरिसकडे त्याचा ‘ग’ झाला आणि इंग्रजीने दोन्ही रूपं उचलली. वॉर्डन आणि गार्डियन ही जोडीही अशीच.
आपल्या कायद्यात मात्र दोघींचे अर्थ वेगळे आहेत. करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मधली गॅरंटी म्हणजे ‘त्याने फेडलं नाही तर मी फेडीन’, आपला जामीनच. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १२ मधली वॉरंटी ही विक्रीतली दुय्यम अट: मोडली तर भरपाई मागता येते, पण तेवढ्यावर माल नाकारता येत नाही. बोलण्यातही पाहा, ‘तो येईल याची काय गॅरंटी?’ असं आपण विचारतो. तिथे वॉरंटी कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद २
वडिलांचं चुकलं नाही, शब्दच तसा आहे. वाढीव बिल, वाढीव पाणी म्हटलं की प्रमाण वाढल्याचं मनात येतं. इथे वाढते ती मुदत. ‘मुदतवाढ’ जवळचा वाटतो, पण मुदतवाढीत तेच पुढे चालू राहतं. इथे पैसे वेगळे, अटी वेगळ्या आणि मूळ वॉरंटीतले काही भाग कधी गाळलेलेसुद्धा असतात. ‘हमी’ तर मला इथे नकोच. हमीभाव, रोजगार हमी या शब्दांनी तिला फार वजन दिलंय. मी ‘वाढीव मुदतीचा दुरुस्ती करार’ लिहीन. लांबलचक आहे, पण त्यातून फसगत होत नाही.

प्रतिसाद ३
करार शब्द आवडला, पण गॅरेजात चालणार नाही. तिथे ‘वॉरंटीत बसतं’ किंवा ‘बसत नाही’ एवढंच बोलतात. काय बसतं ते ठरतं ‘बिघाड’ आणि ‘झीज’ या दोन शब्दांवर. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर वापरून झिजतात, ते सहसा बाहेर. धडक बसली तर तो विम्याचा विषय. वडिलांना हे तीन शब्द आधी सांगा: दोष किंवा बिघाड, झीज, अपघात.

प्रतिसाद ४
आणि ‘किंवा’ही सांगा! माझ्या गाडीची वॉरंटी ‘२ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर’ होती. मी दर आठवड्याला नाशिक-पुणे करतो. एकविसाव्या महिन्यात स्टिअरिंगची मोटर गेली. दोन वर्षं व्हायची होती म्हणून निर्धास्तपणे गाडी घेऊन गेलो, तर काटा ४१,००० च्या पुढे होता. वाढीव वॉरंटी विचारली. ती मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, असं तेव्हा कळलं. मराठीत ‘चहा किंवा कॉफी’ म्हटलं की निवड आपली असते. इथला ‘किंवा’ निवड देत नाही. मारुती सुझुकीने २०२४ मध्ये मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याचे लाख किलोमीटर त्याआधीच भरू शकतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. ‘दुरुस्ती करार’ म्हटल्यावर वडिलांचा पुढचा प्रश्न आला, “मग कोणती दुरुस्ती, ते लिहून दिलंय का?” रात्री बसून वगळलेल्या भागांची यादी वाचली. ‘किंवा’ खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘यांपैकी जे आधी भरेल ते’.