विशाखा समितीचं 'पॅकेज' : कॉलेजांना ही मदत म्हणायची का?

आडवळणी मास्तर (धागाकर्ता)
विशाखा समिती म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यासाठी जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या, शी-बॉक्स (ऑनलाइन तक्रारींचं) पोर्टल या सगळ्यांसाठी मुदती घालून दिल्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या कॉलेजांत एजन्सीवाल्यांच्या चकरा वाढल्या आहेत. त्यांच्या पॅकेजमध्ये समितीचा आदेश, भिंतीवरचा फलक, एका दिवसाची कार्यशाळा, फोटो आणि वार्षिक अहवाल येतो. वर समितीवरचा बाह्य, म्हणजे संस्थेबाहेरचा, सदस्यही तेच देतात! नॅकच्या मूल्यांकनाची फाइल तयार, प्राचार्य निवांत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या विनियमांप्रमाणे समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी, कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची. विनाअनुदानित कॉलेजात अशी बाई आणायची कुठून? तिथे निम्म्या जणी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. जिची ऑर्डर दरवर्षी संस्थाचालकाच्या सहीने निघते, ती संस्थाचालकाच्या भाच्याविरुद्ध अहवाल लिहील, ही अपेक्षाच क्रूर आहे. माझं म्हणणं असं, की ही पॅकेजं बंद करा. विद्यापीठाने जिल्हावार पॅनेल ठेवावं आणि अध्यक्ष व बाह्य सदस्य त्यातूनच द्यावेत.

काळा कोट
निम्मं पटलं. पण एजन्सी की विद्यापीठ, हा दुय्यम वाद आहे. चौकशी कशी करायची हे कोणालाच येत नाही, हे खरं दुखणं. गोवा विद्यापीठाचं प्रकरण आठवा. एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी 2009 मध्ये तक्रारी केल्या, समितीने घाईघाईत चौकशी उरकली, त्यांना बडतर्फ केलं गेलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली, कारण बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. चौकशी पुन्हा करायला सांगितलं. चौदा वर्षांनी! त्या मुलींना काय मिळालं? समितीची नियत चांगली असेलही, पण रोजनामा (चौकशीच्या कामकाजाची नोंद) आणि नोटीस कच्ची असली की आरोपीचा वकील खूश होतो.

वेळापत्रक विनियमांतच आहे. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत. एवढं नीट पाळायला शिकवणारी एजन्सी असेल तर मला तिचं वावडं नाही.

तीन कॉलेजांची बाह्य सदस्य
मास्तर, पॅनेलला माझा विरोध. विद्यापीठ कुठे, तालुका कुठे! मुलगी घरी काय सांगून एवढ्या लांब जाणार? तक्रार करताना तिला ओळखीचा चेहरा लागतो.

बाकी माझा अनुभव सांगते. एका कॉलेजाने मला सह्या करायला बोलावलं. चार तिमाही बैठकांची इतिवृत्तं एकाच शाईने लिहिलेली, प्रत्येकात 'एकही तक्रार प्राप्त नाही'. मी म्हटलं, तक्रार नाही की तक्रार करायची कुठे हेच माहीत नाही? पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसऱ्या ताई आल्या. 2013 च्या केंद्रीय नियमांत बाह्य सदस्याला दिवसाला 200 रुपये भत्ता आणि प्रवासखर्च आहे, तोही मिळाला नाही. असो.

टीवायची मुलगी
आमच्याकडच्या फलकावर ज्या मॅडमचा नंबर आहे त्या रिटायर झाल्यात. वर्गात एकालाही समितीबद्दल काही माहीत नाही, सहलीला जाताना तर कोणी बोलतच नाही. आमच्यासाठी समितीचे नियम सहलीतही लागू असतात का?

काळा कोट
हो. कॉलेजच्या सहली आणि कॉलेजची वाहनंही त्यात धरलेली आहेत. शिवाय विद्यार्थ्याशी संबंधित प्रकरण असेल तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, तेही निवडून आलेले. आता आपल्याकडे महाराष्ट्रात कॉलेजातल्या निवडणुका नव्वदीच्या दशकात बंद पडल्या, 2016 च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद येऊनही होत नाहीत. मग प्राचार्य आपल्या मर्जीतली तीन नावं टाकतात.

रोखठोक
सगळे एकाच बाजूने बोलताय. खोट्या तक्रारीने एखाद्या सरांची नोकरी गेली तर? आणि मुलांनी कुठे जायचं?

काळा कोट
खोटी तक्रार मुद्दाम केल्याचं सिद्ध झालं तर शिक्षेची तरतूद आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी, असं धरता येत नाही. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही असुरक्षित असू शकतात, हे 2015 च्या विनियमांनी मान्य केलंय. आणि सरांना खरं संरक्षण हवं असेल तर ते नीट झालेल्या चौकशीतच आहे, गोव्याचा निकाल पुन्हा वाचा.

आयक्यूएसीवाला
मी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षात (आयक्यूएसी) आहे. इथे सगळे उंटावरून शेळ्या हाकताहेत. रॅगिंगविरोधी, विद्यार्थी तक्रार निवारण, महाविद्यालय विकास समिती, प्रत्येकीत त्याच दोन बायकांची नावं. त्यांचे तास कोण घेणार? एजन्सी फाइल करून देते म्हणून त्या निदान शिकवू शकतात. आणि कागदाला एवढं हसू नका. कार्यशाळेनंतरच एका मुलीने पहिल्यांदा माझ्याशी येऊन बोलण्याचं धाडस केलं. कार्यशाळा एजन्सीचीच होती.

तीन कॉलेजांची बाह्य सदस्य
कार्यशाळा घेऊ द्या की, कोण अडवतंय? पण कुलगुरूंपासून विभागप्रमुखापर्यंत कोणीही या समितीवर बसू नये असं विनियम सांगतात. कारण काय, तर सत्तेतला माणूस न्याय देताना आपलं घर सांभाळणार. मग प्राचार्यांच्या चेकवर जगणाऱ्या एजन्सीचा माणूस त्याच समितीत 'बाह्य' म्हणून कसा चालतो? उद्या प्राचार्यांविरुद्धच तक्रार आली तर तो काय लिहिणार?

आडवळणी मास्तर
ताई, हेच म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं मांडलंत. लांबचा मुद्दा मान्य, म्हणून तर जिल्हावार म्हटलं. तक्रार स्वीकारणारी व्यक्ती कॉलेजातलीच असू द्या, चौकशीला बसणारी दोन माणसं बाहेरून येऊ द्या. आयक्यूएसीवाले सर, तुमच्या त्या दोन बायकांचा भारही त्याने हलका होईल.

आयक्यूएसीवाला
आणि भत्ता? तो संस्थेने द्यायचा असं नियमात आहे, माहीत आहे मला. पण आमची संस्था सीएचबीवाल्यांचं मानधन सहा-सहा महिने अडवते, ती बाह्य सदस्याच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे देईल? विद्यापीठ आमच्याकडून संलग्नीकरण शुल्क घेतं. त्यातून पॅनेलचा भत्ता परस्पर द्यावा. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) असा ठराव आणणार असाल तर त्यावर पहिली सही माझी.