निपल पिअर्सिंग पहिल्यांदाच करून घ्यायचे आहे: दीड-दोन वर्षांत मूल हवे आहे आणि घरात केलॉइड आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी ३१ वर्षांची, विवाहित, पुण्यात राहणारी आणि नोकरीसाठी आठवड्यातून काही दिवस मुंबईला ये-जा करणारी स्त्री आहे. निपल पिअर्सिंग, म्हणजे स्तनाग्र टोचून त्यात दागिना घालणे, हे बऱ्याच काळापासून मनात होते आणि आता ते ठरले आहे. ते करावे की नाही, घरचे काय म्हणतील, यावर मला मत नको आहे. तो निर्णय माझा आहे आणि नवऱ्याशी नीट बोलून झालेला आहे. माझे घोडे अडले आहे ते दोन ठिकाणी. येत्या दीड-दोन वर्षांत आम्हाला मूल हवे आहे आणि माझ्या सख्ख्या बहिणीला केलॉइडचा, म्हणजे जखमेच्या वणावर वाढत जाणाऱ्या गाठीचा, त्रास आहे. जाणकारांनी, विशेषतः पिअर्सिंगनंतर बाळाला अंगावर पाजलेल्या स्त्रियांनी आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांनी, मनापासून उत्तर द्यावे ही विनंती.

आधी वेळेविषयी. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरून येते, पण स्तनाग्राची जखम बाहेरून कोरडी आणि बरी दिसू लागली तरी आतली कातडी पक्की व्हायला साधारण नऊ ते बारा महिने आणि काही जणींना त्याहूनही जास्त काळ लागतो, असे मी वाचले आहे. गरोदरपणात स्तनांचा आकार बदलतो, कातडी ताणली जाते आणि जखम तोवर कच्ची असेल तर ती पुन्हा चिघळू शकते; म्हणूनच गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना नवे पिअर्सिंग करू नये असे सांगतात. शिवाय दूध स्तनाग्रातल्या एकाच छिद्रातून येत नाही, ते अनेक बारीक नलिकांच्या तोंडांतून येते, आणि आडव्या गेलेल्या सुईने त्यांतल्या काही नलिका दुखावू शकतात. बहुतेकींना पुढे व्यवस्थित पाजता येते, परंतु कोणाला टोचलेल्या जागेतून दूध झिरपते, तर एखाद्या नलिकेचे तोंड व्रणाने बंद झाल्यास दूध आत साचून गाठ येते, ताप भरतो आणि प्रकरण मॅस्टायटिसवर, म्हणजे स्तनाच्या दाहावर, जाते. पाजताना प्रत्येक वेळी दागिना काढावा लागतो हे तर उघडच आहे, कारण सुटलेला मणी बाळाच्या घशात अडकू शकतो.

या हिवाळ्यात टोचून घेतले तर गर्भधारणेपूर्वी हाताशी जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष राहील, असा माझा हिशेब आहे. एवढा अवधी पुरेसा आहे का, की मूल होऊन त्याचे दूध सुटेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे? ज्यांनी गरोदरपणात दागिना काढून ठेवला, त्यांचे छिद्र किती काळ उघडे राहिले? माझ्या मनाचा कल थांबण्याकडे झुकू लागला आहे हे खरे, पण कोणाचा प्रत्यक्ष अनुभव ऐकल्याशिवाय मला या हिवाळ्याचा बेत सोडायचा नाही.

दुसरी गोष्ट केलॉइडची. बहिणीच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लसीची खूण आहे. तुमच्या-माझ्या दंडावर जिथे लहानसा खोलगट वण असतो, तिथे तिला करंगळीच्या नखाएवढी, चकचकीत, तपकिरी-गुलाबी गाठ आहे. तिच्या कडा मूळ जखमेच्या पलीकडे पसरलेल्या आहेत आणि उन्हाळ्यात तिला इतकी खाज सुटते की बिचारी कापडावरून सतत चोळत असते. माझी स्वतःची बीसीजीची खूण सपाट आहे आणि कानाच्या पाळ्या व नाक टोचूनही मला कधी गाठ आलेली नाही. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीतच राहतो आणि कालांतराने बसतो, केलॉइड मात्र हद्द ओलांडून वाढतो आणि कापून काढला तरी परत येऊ शकतो, एवढा फरक मला कळला आहे. खांदा, छातीचा मधला भाग आणि कानाची पाळी या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत आणि तो घराण्यात चालतो, हेही ठाऊक आहे. माझा प्रश्न असा, की सख्ख्या बहिणीला केलॉइड असताना, माझी कातडी आजवर नीट वागली आहे यावर मी किती विसंबावे? याबाबत मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना विचारले, तेव्हा "कशाला हवेत असले नाद?" एवढेच उत्तर मिळाले. त्यांनी हात लावून तपासले असते आणि मग नको म्हटले असते, तर मी ते मुकाट्याने ऐकले असते. हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावा का आणि तिथे नेमके काय तपासून मागावे, हे कृपया सांगा.

स्टुडिओची पारख करण्याचा प्रयत्न मी केला आहे. टोचण्याची गन वापरणाऱ्यांना मी आधीच बाद केले, कारण तिचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करता येत नाहीत आणि ती बोथट दागिना जोर लावून कातडीत घुसवते. एका स्टुडिओत पिअर्सरने स्वतःहून निर्जंतुक साहित्याचे बंद पाकीट माझ्यासमोर धरून त्यावरची पट्टी रंग बदललेली दाखवली, हातमोजे दोनदा बदलले आणि सुई एकदाच वापरून धारदार वस्तूंच्या डब्यात टाकतो हेही दाखवले. तो माणूस मला नीटनेटका वाटला. मात्र रंग बदललेली पट्टी एवढेच सांगते की पाकिटापर्यंत वाफ पोचली. जंतूंचे बीजाणू खरोखर मेले की नाही हे वेगळ्या चाचणीने तपासावे लागते, आणि त्या चाचणीचा अहवाल मागितल्यावर "मशीन नवीन आहे, मॅडम" असे उत्तर आले. आपल्याकडे असा अहवाल ठेवणारे स्टुडिओ आहेत का, की मी अवाजवी अपेक्षा करते आहे?

दागिना इम्प्लांटच्या दर्जाच्या टायटॅनियमचा, म्हणजे एएसटीएम एफ१३६ या प्रतीचा, सरळ बारबेल (दोन्ही टोकांना मणी असलेली दांडी) आणि १.६ मिलिमीटर जाडीचा घ्यायचा, हे मी पक्के केले आहे. निकेल असलेली जर्मन सिल्व्हरची कानातली घातली की माझ्या पाळ्या खाजून लाल होतात, तेव्हा निकेलपासून दूर राहणे मला भाग आहे. नुसते "सर्जिकल स्टील" म्हणून जे विकतात, त्यावर माझा विश्वास नाही. प्रमाणपत्र न दाखवता दुकानदार टायटॅनियम म्हणून काहीही देऊ शकतो. ते ओळखण्याचा खात्रीचा मार्ग कोणाला माहीत असेल तर सांगावा.

निगा राखण्याविषयी परदेशी माहितीत भरपूर आहे: ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक सलाईन, दागिना फिरवायचा नाही, डेटॉल, स्पिरिट, हळद किंवा खोबरेल लावायचे नाही. आईने माझ्या कानांना हळद-तेल लावले होते, त्यामुळे हा शेवटचा नियम घरात पाळायला जड जाईल, पण मी पाळेन. अडचण आहे ती आपल्या हवापाण्याची. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे पाणी येते, लोकलच्या गर्दीत कोपर नेमके छातीवर बसते, बॅगेचा पट्टा आणि ओढणी यांचा सतत घासा लागतो, आणि घामाने कपडे अंगाला चिकटतात. टँकरच्या पाण्याने आंघोळ झाल्यावर ती जागा सलाईनने धुतली तर पुरे होते का? सलाईनची मोठी बाटली एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही, म्हणून एकदाच वापरायच्या लहान बंद कुप्या (अँप्यूल) वापरण्याचा विचार आहे. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या कोणी हे केले असेल, तर आत कोणत्या प्रकारचे कपडे घातले तेही लिहावे.

हेपॅटायटिस बीची लस मला लहानपणी मिळाल्याची नोंद नाही. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे तो कोर्स पूर्ण करायचा तर पिअर्सिंग आपोआप सहा महिने पुढे जाते आणि बाळाचा हिशेब आणखी बिघडतो. दोन डोसांनंतर टोचून घेणे चालते का? धनुर्वाताचा डोस मी घेतला आहे. पिअर्सिंगनंतर १२ महिने रक्तदान करता येणार नाही, याचे मात्र मला खरोखर वाईट वाटते. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे.

एक गोष्ट मला पूर्ण स्पष्ट करून हवी आहे. पू, लाली किंवा ताप आला तर दागिना घाईने काढू नये, कारण छिद्र वरून मिटले की पू आत कोंडून गळू होते, असे वाचले आहे. पण दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य "आधी ते काढा" असेच असते, असा एका मैत्रिणीचा अनुभव आहे. अशा वेळी डॉक्टरांशी काय आणि कसे बोलावे?

उत्तरे इथेच धाग्यावर द्यावीत, म्हणजे इतर जणींनाही ती वाचता येतील. फोटो मागणाऱ्या खासगी संदेशांना मी उत्तर देणार नाही. ज्या स्त्रियांना नाव लावून लिहिणे अवघड वाटते, त्यांनी फक्त दोन गोष्टी लिहिल्या तरी चालतील: टोचल्यापासून गरोदर राहीपर्यंत किती महिने गेले, आणि पाजताना काही त्रास झाला का.