मदत हवी आहे: वर्ध्याकडच्या होस्टेलचं एनर्जी मॉडेल, कूलर आणि नाइट ड्यूटीच्या मुली

रेघोटी:

नमस्कार मंडळी. मी नागपुरात आर्किटेक्ट आहे, छोटंसं ऑफिस आहे. सध्या वर्धा जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलचं काम चालू आहे, तळमजला आणि वर दोन मजले, साधारण ९० मुली राहतील. ट्रस्टचं बजेट बेताचं, त्यामुळे एसी कुठेच नाही, पंखे आणि खिडकीतले कूलर एवढंच. आणि यातल्या बऱ्याच मुलींना आळीपाळीने नाइट ड्यूटी असते, म्हणजे ऐन मे महिन्यात सकाळी वॉर्डातून यायचं आणि दुपारी चार-पाचपर्यंत झोपायचं, ज्या वेळात इथे कुणी कामाशिवाय घराबाहेर पाय टाकत नाही. त्या मुलींना नीट झोप मिळाली पाहिजे, माझ्यासाठी या बिल्डिंगमधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, एलिव्हेशन बिलिव्हेशन नंतर.

म्हणून यावेळी अंदाजाने न करता सिम्युलेशन, म्हणजे खोल्या किती तापतील ते कॉम्प्युटरवर आधीच काढून बघायला घेतलं. राइनो-ग्रासहॉपर या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल, हनीबी या प्लगइनमधून एनर्जीप्लस (उष्णतेचं गणित करणारा प्रोग्रॅम), आणि वॉलेसी या दुसऱ्या प्लगइनने ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळ्यात चांगला पर्याय शोधणं. बदलायच्या गोष्टी म्हणजे भिंत (फ्लाय अ‍ॅशची २३० मिमी वीट की २०० मिमी एएसी, म्हणजे हलका सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक), खिडकीचा आकार, छज्जा किती बाहेर, बिल्डिंगचा कोन, गच्चीचं इन्सुलेशन, आणि खोल्यांच्या एका बाजूला उघडी गॅलरी की मधोमध कॉरिडॉर. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कमीत कमी करायचे आकडे, दोन ठेवलेत, वर्षाचा कूलिंग लोड (खोल्या थंड ठेवायला किती उष्णता बाहेर काढावी लागेल) आणि बांधकामाचा खर्च.

अडचण अशी की कसंही फिरवलं तरी उत्तर एकच येतं, एएसीच्या भिंती, नियमात बसतील इतक्या लहान खिडक्या आणि मधे कॉरिडॉर, म्हणजे थोडक्यात एक बंद खोकं. इको निवास संहितेचा, म्हणजे घरांसाठीच्या सरकारी ऊर्जा नियमांचा, आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आकडा) काढला तर तोही मस्त येतो, मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉटची आहे, आपण त्याच्या बरेच खाली. पण अशा खोक्यात कूलर लावला तर तासाभरात अंथरूण दमट लागायला लागतं हे विदर्भात राहिलेल्या कुणालाही विचारा. आकडे चांगले आणि खोली वाईट असं कसं होतंय?

तर मला हवंय ते हे की कूलर एनर्जीप्लसमध्ये दाखवायचा कसा, हवामानासाठी नागपूर विमानतळाची ईपीडब्ल्यू फाइल (वर्षभराचं तासागणिक हवामान) वापरतेय ती चालेल का, आणि कूलिंग लोड नाही तर मग मोजायचं काय? शिवाय एक रन रात्रभर चालूनही संपत नाही, मशीन साधं आहे, त्यावरही काही सुचत असेल तर सांगा. ट्रस्टला लवकरच ड्रॉइंग द्यायचंय.

उंबरठा:

रेघोटी, प्रश्न फार चांगला मांडलाय. तुमचं खोकं का येतंय ते तुमच्या ऑब्जेक्टिव्हमध्येच आहे. कूलिंग लोड जो येतो तो आयडियल एअर लोड्समधून, म्हणजे सॉफ्टवेअर असं धरून चालतं की खोलीत कधीही न थकणारा एसी आहे आणि खिडक्या बंद आहेत. एसीच्या खोलीसाठी बंद खोकंच बरोबर उत्तर आहे, अल्गोरिदमने त्याचं काम चोख केलंय. तुमच्या मुली एसीत राहणारच नाहीत, त्यामुळे तो आकडा या बिल्डिंगसाठी बिनकामाचा आहे.

आरईटीव्हीचंही तेच, तो भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता बघतो, गच्ची त्यात धरलेलीच नाही, तिचा यू-व्हॅल्यूचा (उष्णता किती सहज आरपार जाते त्या आकड्याचा) नियम वेगळा आहे, १.२ च्या आत. आणि आरईटीव्हीमध्ये भिंत फक्त यू-व्हॅल्यूने मोजली जाते. विटेची भिंत २ च्या आसपास, एएसी ०.८ च्या आसपास, मग एएसी जिंकणारच. विटेचं वजन, म्हणजे ती उष्णता धरून ठेवून उशिरा सोडते, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही.

आयडियल एअर काढून टाका, खोल्या फ्री-रनिंग, म्हणजे एसीशिवाय, ठेवा, विंडो ओपनिंग आणि व्हेंटिलेशन कंट्रोल लावा, हवा एका खोलीतून दुसरीकडे कशी जाते ते महत्त्वाचं असेल तर एअरफ्लो नेटवर्क चालू करा, आणि ऑपरेटिव्ह टेम्परेचर (हवा आणि भिंतींची उष्णता दोन्ही धरून जाणवणारं तापमान) तासागणिक बाहेर काढा. आपल्याकडे नैसर्गिक हवेच्या इमारतींसाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने केलेलं इमॅक मॉडेल आहे, आरामाचं तापमान म्हणजे बाहेरच्या ३० दिवसांच्या सरासरीच्या ०.५४ पट अधिक १२.८३, आणि त्याच्या वरखाली २.३८ अंश चालतात. पण थांबा, ते मॉडेल ज्या पाहणीवर उभं आहे तिथे बाहेरची सरासरी ३१ अंशांपर्यंतच जाते. तुमच्याकडे मे महिन्यात ती ३४-३५ असणार, तिथे ते सूत्र ताणून वापरावं लागतं. शिवाय मेमध्ये चोवीस तास सगळेच पर्याय नापास होतील, मग ३६ अंशाची खोली आणि ४० अंशाची खोली दोन्ही सारख्याच नापास. म्हणून आरामाचे तास मोजू नका, डिग्री-अवर्स मोजा, म्हणजे मर्यादेच्या किती वर आणि किती वेळ, दोन्ही येतं. आणि ते डिग्री-अवर्स फक्त माणूस खोलीत असतो त्या तासांचे.

रेघोटी:

उंबरठा, खूप आभार, हे डिग्री-अवर्सचं एकदम पटलं. पण मग माझ्याकडे दोन प्रकारच्या मुली आहेत ना, दिवसा झोपणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या. दोन ऑब्जेक्टिव्ह वेगवेगळे धरायचे का?

उंबरठा:

हो, अगदी वेगवेगळेच, एकत्र सरासरी काढलीत तर दोघींचंही नुकसान. जाड विटेची खोली दुपारी थंड राहते पण रात्री भिंत उष्णता सोडत बसते, आणि तुमच्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा पारा २८-३० च्या खाली फारसा जात नाही, त्यामुळे रात्री खिडक्या उघडून भिंत गार करायची सोय मार्च-एप्रिलइतकी राहत नाही. हलकी भिंत याच्या उलट, दुपारी तापते, रात्री लवकर उतरते. म्हणजे नाइट ड्यूटीच्या मुलींना तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या जड भिंतींच्या खोल्या आणि बाकीच्यांना वर, असं काही निघतंय का बघा. सगळीकडे एकच भिंत हवी हा नियम कुणी घातलाय?

शून्यसावली:

कूलरबद्दल मी सांगतो. हनीबीच्या हीट-कूल एचव्हीएसी कंपोनंटमध्ये डायरेक्ट इव्हॅप कूलरचं टेम्प्लेट आहे, हीटिंग नसलेलं निवडा. अजून बारीक हवं असेल तर एनर्जीप्लसमध्येच डायरेक्ट इव्हॅपोरेटिव्ह कूलरचे ऑब्जेक्ट आहेत, ते हनीबीतून जादा आयडीएफ (एनर्जीप्लसच्या इनपुट फाइलचा) मजकूर म्हणून घालता येतात.

पण सॉफ्टवेअरआधी कूलरचं गणित हाताने करून बघा, त्यातच अर्धं उत्तर आहे. मेच्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि वेट बल्ब (ओल्या कापडातल्या थर्मामीटरचं तापमान, साधा कूलर हवा याच्या खाली नेऊ शकत नाही) २३ धरा, म्हणजे फरक २१. साध्या कूलरची कार्यक्षमता ०.७ धरली तर हवा ४४ उणे १४.७, म्हणजे २९ च्या थोडी वर येते. छान आहे, झोप लागते. आता जुलै घ्या, बाहेर ३०, वेट बल्ब २६, फरक फक्त ४, कूलर तुम्हाला २७ देईल पण हवा पाण्याने भरलेली. म्हणून कूलर १५ जूननंतर शेड्यूलमध्ये बंद ठेवा, नाहीतर मॉडेल पावसाळ्यातही कूलर चालवून छान आकडे दाखवेल.

दुसरं, कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. तुमच्या मधल्या कॉरिडॉरच्या प्लॅनमध्ये दोन्हीकडच्या खोल्यांची दमट हवा त्या कॉरिडॉरमध्ये येऊन तुंबणार, तेच तुमचं ओलं अंथरूण. एका बाजूला गॅलरी ठेवली की खोलीच्या समोरच्या भिंतीत वर व्हेंटिलेटर देता येतो आणि हवा सरळ निघून जाते. त्यामुळे डिग्री-अवर्सच्या जोडीला खोलीतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर किती तास गेली हेही बघा.

सूर्याबद्दल एक. नागपूर-वर्ध्याला मेच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. जूनमध्ये तो पूर्वेच्या साधारण २५ अंश उत्तरेकडे उगवतो, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन शिरतं. तिथे छज्जा काही कामाचा नाही, उभी पाखं, म्हणजे खिडकीच्या बाजूंना भिंतीतून बाहेर येणाऱ्या उभ्या फळ्या, लागतात. ज्या खोल्या तुम्ही थंड समजून नाइट ड्यूटीला देणार त्यांना सकाळी, मुली झोपायला आल्या आल्याच, ऊन लागायला नको.

ईपीडब्ल्यू चालेल, पण कुठल्या वर्षांवरून बनवलीय ते बघा. वनबिल्डिंग या साइटवर टीएमवायएक्स नावाच्या हवामान फाइली मिळतात, त्यात अलीकडच्या १५ वर्षांच्या पण आहेत. आणि लक्षात ठेवा, ती फाइल सरासरी वर्षाची असते. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झाले होते, असा दिवस त्या फाइलमध्ये बहुतेक सापडणार नाही, म्हणून फायनल दोन-तीन डिझाइनं एखाद्या खऱ्या कडक उन्हाळ्याच्या डेटावर चालवून बघाच.

ठोकताळा:

रन संपत नाही त्यावर. वॉलेसीत एनएसजीए-२ नावाचा अल्गोरिदम आहे, तो पिढी दर पिढी डिझाइनं सुधारत नेतो, ५० ची पॉप्युलेशन (एका पिढीतली डिझाइनं) आणि ४० जनरेशन (पिढ्या) धरल्या तर २००० सिम्युलेशन, एकाला तीन मिनिटं म्हणजे १०० तास. अख्खी बिल्डिंग कशाला चालवताय? एक कोपऱ्याची वरची खोली, एक मधली, एक तळमजल्याची, एवढ्याच घ्या, शेजारच्या भिंती अ‍ॅडियाबॅटिक करा, म्हणजे त्यांतून उष्णता जातच नाही असं धरा. वर्षाचे ८७६० तास पण नकोत, मेचे दोन आठवडे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा एखादा आठवडा पुरे, तुमचा ऑक्टोबर पण काही सोपा नसतो.

आणि ऑप्टिमायझेशनच्या आधी लॅटिन हायपरक्यूबने (सगळ्या पर्यायांत सारखे विखुरलेले नमुने निवडायची पद्धत) शे-दीडशे सॅम्पल चालवून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कशाने किती फरक पडतो, ते बघा. माझा अनुभव असा आहे की वरच्या मजल्यावर गच्ची एकटीच बाकी सगळ्यांना झाकून टाकते. नुसता आरसीसी स्लॅब यू-व्हॅल्यूला ३ च्या वर असतो. ती एकदा नीट केलीत की ते व्हेरिएबल काढून टाका आणि उरलेल्यांत काय फरक पडतो ते बघा, तेव्हाच खिडकी आणि भिंतीचं खरं बोलणं ऐकू येतं.

हिंगणघाटकर:

ताई, मी काही आर्किटेक्ट नाही, साइट सुपरवायझर आहे, अशी दोन होस्टेलं बांधलीत. तुम्ही लोक कॉम्प्युटरवर रात्री खिडक्या उघडून राहिले, पण पोरी रात्री खिडकी उघडी ठेवत नाहीत. तळमजल्यावर तर अजिबातच नाही, एक तर डास, दुसरं भीती वाटते, आणि वॉर्डन पण ठेवू देत नाही. बाहेरून ग्रिल, आतून जाळी, आणि वर हात न पोचेल असा व्हेंटिलेटर दिला तर तो उघडा राहते. ते मोजा, खिडकी नका मोजू.

दुसरं, कूलर कुठे बसन ते आत्ताच ड्रॉइंगमध्ये घ्या. आम्ही नंतर खिडकीत ठोकले तर अर्धी खिडकी गेली, उजेड गेला, गॅलरीत पाणी साचून स्लॅब झिरपला. भिंतीत कूलरची वेगळी जागा, बाहेर कट्टा, नळ आणि पाणी जायला पाइप. मे महिन्यात टँकर येते, त्यात इतक्या कूलरचं पाणी धरा. गच्चीला चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलचे तुकडे) करा नाहीतर दर वर्षी फेब्रुवारीत चुना मारा, पण चुना ट्रस्टच्या भरवशावर ठेवू नका, दुसऱ्या वर्षी कोणी मारत नाही.

आणि सेवाग्राम तुमच्या बाजूलाच आहे, दुपारी तीन वाजता बापू कुटीत जाऊन बसा जरा. मातीच्या भिंती, कवेलू (कौलं) आणि खोल ओसरी.

रेघोटी:

काका, हे जाळी आणि वॉर्डनचं माझ्या मॉडेलमध्ये कुठेच नव्हतं आणि कुठल्या मॅन्युअलमध्येही सापडलं नसतं, मनापासून आभार. बापू कुटी कित्येकदा बघितलीय पण थर्मामीटर घेऊन कधी गेले नाही, आता नक्की जाते.

तुम्ही सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन खोल्यांचं छोटं मॉडेल केलं, आयडियल एअर काढलं, खिडक्या रात्री बंद आणि व्हेंटिलेटर चोवीस तास उघडे धरले. गच्ची खरंच सगळ्यांना झाकत होती, तिला इन्सुलेशन आणि चायना मोझॅक दोन्ही फिक्स केलं. आता खोकं येत नाही! गॅलरीचा प्लॅन पुढे आलाय, आणि दिवसा झोपणाऱ्यांसाठी वीट तर रात्री झोपणाऱ्यांसाठी एएसी असंच येतंय. फक्त ट्रस्टचे लोक म्हणतात की नाइट ड्यूटी दर महिन्याला बदलते, मग मुलींनी दर महिन्याला खोल्या बदलायच्या का? यावर काय करू?

उंबरठा:

खोल्या नको बदलायला. तळमजल्यावर उत्तरेला सहा-आठ खोल्यांची 'दिवसाची झोप' अशी वेगळी विंगच करा, सामान वर आपल्या खोलीत, झोपायला फक्त खाली. हॉस्पिटलात रेस्ट रूम असतात तसंच. दाराला रबर पट्टी आणि जाड पडदे द्या, कारण दिवसा तापमानाइतकाच उजेड आणि आवाज त्रास देतो. खर्च म्हणाल तर वीट फक्त तेवढ्याच विंगला लागेल.

आणि ट्रस्टचं जुनं होस्टेल असेल तर या उन्हाळ्यात तिथल्या एका वरच्या आणि एका खालच्या खोलीत साधे तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारे लॉगर लावून ठेवा. मग त्याच खोल्यांचं मॉडेल करा आणि दोन्ही रेषा एकावर एक टाका. दीड-दोन अंशांपेक्षा जास्त फरक येत असेल तर आधी बाहेरून आत शिरणाऱ्या हवेचा आकडा तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

रेघोटी:

जुनं होस्टेल आहे, आणि त्यात वरच्या मजल्याच्या मुली मेमध्ये गाद्या उचलून खालच्या व्हरांड्यात येतात असं मेट्रन सांगत होत्या. लॉगर आजच मागवते. आयडीएफ फाइल आणि तिन्ही खोल्यांचे मेचे ग्राफ इथेच टाकते, शून्यसावली, उत्तरेच्या पाखांची भिंतीतून बाहेर येणारी लांबी किती ठेवू ते ग्राफ बघून सांगाल का? सध्या ४५ सेमी धरलीय.